कळमन्याच्या ढिगापासून टेबलपर्यंत: डेटा मॉडेलरमधे कन्सेप्च्युअल मॉडेलवरून डेटाबेस कसा काढायचा

कॉलेजच्या डीबीएमएस प्रोजेक्टवाले पोट्टे असोत नाहीतर मिहानमधे (नागपूरच्या सेझमधे) नवीन लागलेले, डेटाबेस बनव म्हटलं की बहुतेक जण थेट क्रिएट टेबल लिहायला बसतात, आणि मग एक दिवस क्लायंट सहज बोलता बोलता सांगतो की एका गाडीत तीन शेतकऱ्यांचा माल येतो, आणि अर्धं सॉफ्टवेअर उसवावं लागतं. हे टाळायचं असेल तर आधी कन्सेप्च्युअल मॉडेल, म्हणजे धंद्यातल्या गोष्टी आणि त्यांची नाती यांचं चित्र काढायचं, ते पक्कं झालं की टूलकडून त्याचं रिलेशनल मॉडेल, म्हणजे टेबलांचं चित्र करून घ्यायचं आणि मग त्यातून डीडीएल, म्हणजे टेबल बनवायच्या एसक्यूएल आज्ञा. इथे तेच पायरी पायरीनं सांगतो.

टूल घेतलंय ओरॅकलचं एसक्यूएल डेव्हलपर डेटा मॉडेलर. फुकट आहे हे एक कारण, पण खरं कारण हे की त्यात कन्सेप्टचं चित्र आणि टेबलांचं चित्र असे दोन वेगळे कागद आहेत आणि एकावरून दुसऱ्यावर जायचं बटण आहे. नवीन माणसाला हा फरक डोळ्यानं दिसणं फार गरजेचं आहे. उदाहरण घेतलंय कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या अडतीचं (शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणारी पेढी), कारण नागपुरात हे सगळ्यांच्या ओळखीचं आहे आणि मॉडेलिंगमधे जितके म्हणून खड्डे असतात ते जवळपास सगळे त्यात सापडतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, बटण दाबायचं काम दोन सेकंदांचं आहे. तुम्ही जे ठरवलं तेच टूल टेबलात उतरवतं, त्याला कळमना माहीत नाही, म्हणून या लेखातला जास्तीत जास्त वेळ काय ठरवायचं यावरच जाणार आहे.

नावं कुठून आली

टेबल, रांगा, की (रांग ओळखायचे कॉलम) हा रिलेशनल विचार एडगर कॉड यांनी 1970 साली मांडला, ते तेव्हा आयबीएममधे होते. एंटिटी (ज्यांची नोंद ठेवायची त्या गोष्टी) आणि त्यांच्यातली नाती असं चित्र काढायची पद्धत पीटर चेन यांनी 1976 मधे दिली. म्हणजे टेबल आधी आले आणि चित्र मागून, आणि ते मागून आलं कारण नुसत्या टेबलांकडे बघून धंदा कसा चालतो ते कळत नव्हतं. आजही नाही कळत. एखाद्या जुन्या सिस्टिमचे साठ टेबल उघडून बघा, म्हणजे समजेल मी काय म्हणून राहिलो ते.

आधी मार्केटमधे जा, लॅपटॉप बॅगेतच ठेवा

पहिली पायरी टूलमधे होतच नाही. सकाळी लिलावाच्या वेळी जा, अडतीवरच्या दिवाणजींच्या बाजूला बसा, त्यांच्या वह्या बघा आणि प्रश्न विचारा. प्रश्न साधे ठेवायचे, एकाला किती आणि नसलं तर चालतं का, एवढे दोनच, पण ते प्रत्येक जोडीसाठी आणि दोन्ही बाजूंनी विचारायचे. साधारण असं होतं:

"काका, एका गाडीत एकाच शेतकऱ्याचा माल येते का?"

"काहून एकाचाच? काटोल, नरखेडकडचे तिघं-चौघं मिळून गाडी करतात ना. भाडं वाटून घेतात."

"अन् एक ढीग एकच व्यापारी घेते?"

"बहुतेक एकच. पण मोठा ढीग राहिला तर दोघं मिळून उचलतात."

बघा, चार वाक्यांत दोन मेनी-टू-मेनी (अनेकास अनेक) नाती निघाली. "बहुतेक" हा शब्द कानावर आला की तिथेच थांबून खोदायचं, कारण बहुतेकच्या बाहेर जे काही उरतं तेच पुढे डेटाबेस मोडतं. वहीत नावांची यादी करा, पण कॉलम आणि आयडी अजिबात लिहू नका, अजून त्यांची वेळ आलेली नाही.

आपल्या उदाहरणात ही नावं निघतात: गाडी, गाडीची फेरी (तीच गाडी हंगामात पुन्हापुन्हा येते), शेतकरी, व्यापारी, आवक म्हणजे एका फेरीत एका शेतकऱ्याचा आलेला माल, ढीग, सौदा, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद. बहार (फळ कोणत्या हंगामातल्या फुलोऱ्याचं ते) ही वेगळी एंटिटी करायची की नाही यावर लोक वाद घालतात, मी करत नाही. अंबिया आणि मृग असे दोनच पर्याय आहेत, त्यासाठी ढिगावर एक गुणधर्म आणि त्याची ठरलेली यादी पुरते.

टूल उघडा

ओरॅकलच्या साइटवरून झिप उतरवा, उघडा, आतली डेटामॉडेलर नावाची फाइल चालवा. जावा लागतं, ते मशीनवर नसेल तर आधी टाकून घ्या. डावीकडे ब्राउझर दिसेल, त्यात लॉजिकल मॉडेल आणि रिलेशनल मॉडेल्स असे दोन कप्पे आहेत. आपलं कन्सेप्टचं चित्र लॉजिकल मॉडेलमधे काढायचं. डायग्रामच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून नोटेशनमधे इन्फर्मेशन इंजिनिअरिंग निवडा, म्हणजे कॉलेजात शिकलेलं क्रोज फूट दिसेल, अनेकच्या बाजूला पक्ष्याच्या पायासारखी तीन टोकं. बार्कर नोटेशन पण चांगलं आहे पण नवीन असताना तुटक रेघ आणि सलग रेघ यातच डोकं जातं.

काही काढायच्या आधी डिझाइन सेव्ह करून घ्या. यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, सेव्ह केल्यावर एक डीएमडी फाइल बनते आणि त्याच नावाचं एक फोल्डर बनतं, आणि खरा माल सगळा फोल्डरमधे असतो. मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती डीएमडी फाइल पाठवली तर त्याच्याकडे काहीच उघडणार नाही. दोन्ही एकत्र झिप करून पाठवा, किंवा दोन्ही गिटमधे (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) टाका.

एंटिटी आणि गुणधर्म

टूलबारवरून न्यू एंटिटी घ्या, डायग्रामवर चौकोन ओढा, नाव द्या. नाव एकवचनी, टूलमधे रोमन अक्षरात टाका, पुढे क्वेरी लिहिताना सोपं जातं. अ‍ॅट्रिब्यूट्समधे जाऊन अधिकचं चिन्ह दाबत गुणधर्म टाकायचे, प्रत्येकाला डेटा टाइप द्यायचा, जो भरलाच पाहिजे त्याला मँडेटरीची खूण करायची, ज्यानं ओळख पटते त्याला प्रायमरी यूआयडीची, टेबलात हीच प्रायमरी की होते. प्रत्येक एंटिटीला प्रायमरी यूआयडी हवाच, नाहीतर पुढे नात्यातून फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या रांगेकडे बोट दाखवणारा कॉलम) उतरवायला टूलला काही धरायलाच मिळत नाही.

डेटा टाइप निवडताना चार गोष्टी. मोबाइल नंबर हा नंबर नसून मजकूर आहे, त्याची बेरीज कोणी करत नाही. पैसे फ्लोटमधे कधीच नाही, न्यूमेरिक घ्या आणि दशांशाच्या दोन जागा द्या. भावाचं एकक लिहून ठेवा, कारण संत्र्याचा भाव टनाच्या हिशेबानं बोलतात आणि काट्यावर किलो दिसतात, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यानं हे गृहीत धरलं की रक्कम हजारपट चुकलीच म्हणून समजा. मी गुणधर्माच्या नावातच एकक टाकतो, भाव प्रति टन, वजन किलो, असं. ऐकायला बोजड वाटतं पण चुकत नाही.

चौथी गोष्ट मराठीत डेटा भरणाऱ्यांसाठी आहे आणि पुस्तकात ती सहसा सापडत नाही. व्हारचार (मजकुराचा टाइप) टाकलं की साइजबरोबर युनिट्स असा एक पर्याय येतो, बाइट की कॅरेक्टर. ओरॅकल साधारणपणे बाइट धरतं, आणि यूटीएफ-8 मधे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, मात्रा आणि हलन्तसुद्धा वेगळे मोजले जातात. आता "कळमेश्वर" घ्या, क, ळ, म, मात्रा, श, हलन्त, व, र अशी आठ चिन्हं म्हणजे 24 बाइट झाले. गावाच्या नावाला 20 बाइटचा कॉलम दिला असेल तर नरखेड बसेल, सावनेर बसेल, आणि कळमेश्वरचा शेतकरी आला की ओआरए-12899 येऊन थांबेल, व्हॅल्यू टू लार्ज. टेस्टिंग इंग्रजी नावांवर केलं असेल तर हे पहिल्या दिवसापर्यंत दिसतच नाही. म्हणून युनिट्समधे कॅरेक्टर निवडा, सगळीकडे. त्याहून चांगलं म्हणजे डोमेन (नाव देऊन ठरवलेले टाइप) बनवा, उदाहरणार्थ गावाचं नाव, मराठी नाव, रक्कम, वजन, आणि प्रत्येक गुणधर्माला टाइपऐवजी डोमेन लावा, मग बदल एकाच जागी करावा लागतो.

पत्ता एका खोक्यात टाकू नका, गाव, तालुका, जिल्हा वेगळे करा, कारण उद्या दिवाणजी विचारणारच की वरुडकडून यंदा किती माल आला. आणि फोन नंबर दोन-तीन असतील तर फोन एक, फोन दोन असे कॉलम काढू नका, फोन ही वेगळी एंटिटी करून एकास अनेक नातं जोडा. हिशेबानं काढता येईल अशी गोष्ट, म्हणजे वजन गुणिले भाव, ही चित्रात गुणधर्म म्हणून टाकत नाहीत. मात्र पट्टीवरची अंतिम रक्कम टाकायची. ती एकदा शेतकऱ्याला लिहून दिली की तो कागद झाला, नंतर हमालीचे दर बदलले म्हणून जुनी पट्टी बदलता कामा नये.

नाती, इथे घाई करू नका

सोपं आधी उरकतो. गाडी आणि फेरी, एकास अनेक. टूलबारवरून न्यू वन टू एन रिलेशन, आधी गाडीवर क्लिक, मग फेरीवर. डबल क्लिक केलं की रिलेशन प्रॉपर्टीज उघडतात, तिथे कोणत्या बाजूला पर्यायी आहे ते सांगायचं. गाडीशिवाय फेरी नाही, पण फेरी न झालेली गाडी चालते. टेबलात हे असं उतरतं की फेरीच्या टेबलात गाडीची फॉरेन की येते आणि तिला नॉट नल लागतं, म्हणजे ती रिकामी ठेवता येत नाही.

आता थोडं अवघड. समजा तुम्ही उलट बाजूनं पण सक्ती केली, म्हणजे प्रत्येक आवकेला किमान एक ढीग असलाच पाहिजे. चित्रात ते छान दिसतं, टूल काही तक्रार करत नाही, पण तयार झालेल्या डेटाबेसमधे त्याचं नावनिशाण नसतं. फॉरेन की फक्त मुलाच्या बाजूनं बोलते, की माझा बाप असलाच पाहिजे. बापाला निदान एक मूल हवंच हे ती सांगू शकत नाही. हे प्रोग्राममधे बघावं लागतं किंवा रात्री एक क्वेरी चालवून बिनढिगाच्या आवका शोधाव्या लागतात. मॉडेल करताना अशा जागांची बाजूला यादी करत जा, ही यादी प्रोग्रामरच्या हातात द्यायची असते.

फेरी आणि शेतकरी हे अनेकास अनेक. न्यू एम टू एन रिलेशन ओढलं की टूल पुढे त्याचं आपोआप तिसरं टेबल बनवतं. या नात्याला स्वतःचे गुणधर्म देता येतात, भाड्याचा वाटा, क्रेट किती, असे. पण नात्याला नाव द्यायचं विसरलात तर त्या टेबलचं नाव रिलेशन अंडरस्कोर पाच असं काहीतरी येतं, आणि सहा महिन्यांनी ते काय होतं हे कोणालाच आठवत नाही.

आणि इथेच माझं एक ठाम मत आहे. ज्या अनेकास अनेक नात्याला धंद्यात स्वतःचं नाव आहे, ती एंटिटी आहे, तिला नातं म्हणून सोडू नका. शेतकरी आणि फेरी यांच्यामधे आवक आहे, तिला वहीत नंबर पडतो, लोक "ती बेचाळीस नंबरची आवक" असं बोलतात. ढीग आणि व्यापारी यांच्यामधे सौदा आहे. आता सौदा नुसतं एम टू एन नातं म्हणून काढला तर काय होतं बघा: टूल जे तिसरं टेबल करेल त्याची प्रायमरी की म्हणजे ढीग अधिक व्यापारी. त्याच व्यापाऱ्यानं सकाळी अर्धा ढीग एका भावानं घेतला, आणि उरलेला पडून राहिला म्हणून दुपारी कमी भावात तोही त्यानंच उचलला, की दुसरी नोंद जातच नाही, कारण तीच जोडी आधीच आहे. मग दिवाणजी काय करतात, व्यापाऱ्याच्या नावापुढे टिंब देऊन दुसरा व्यापारी बनवतात, आणि वर्षाच्या शेवटी उधारीचा हिशेब लागत नाही. सौदा वेगळी एंटिटी केली, त्याला स्वतःचा क्रमांक दिला, ढिगाकडून एकास अनेक आणि व्यापाऱ्याकडून एकास अनेक जोडलं, की हे सगळं मिटतं. आता सौद्यावर वजन, भाव, आणि त्या वेळचा अडतीचा (दलालीचा) दर बसवा. अडतीचा दर शेतकऱ्याच्या टेबलात किंवा कुठल्या सेटिंगमधे ठेवायचा मोह होतो, पण 2016 साली महाराष्ट्रात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम झाला, तेव्हा ज्यांनी अडत शेतकऱ्याला चिकटवून ठेवली होती त्यांना मॉडेलच बदलावं लागलं असणार. सौद्याला लावलेली असेल तर कोण भरतो एवढाच एक गुणधर्म बदलतो आणि जुने सौदे जसेच्या तसे राहतात.

ढीग ही परावलंबी एंटिटी. ढीग एक, ढीग दोन असे नंबर प्रत्येक आवकेत नव्यानं सुरू होतात, नुसत्या "ढीग दोन" ला काही अर्थ नाही. म्हणून आवक ते ढीग हे नातं न्यू वन टू एन आयडेंटिफाइंग घ्यायचं. त्यामुळे ढिगाच्या प्रायमरी कीमधे आवकेची की आपोआप येऊन बसते. पण हे साखळीसारखं पुढे वाढतं, सौद्यालाही आयडेंटिफाइंग केलं तर त्याची की अजून लांब, त्याखालच्या टेबलची अजून लांब, आणि जॉइन (दोन टेबलं जोडणारी क्वेरी) लिहिताना प्रत्येक वेळी चार कॉलम जुळवायचे. माझी पद्धत अशी की एक पातळी आयडेंटिफाइंग ठेवतो, त्यापुढे साधा क्रमांक प्रायमरी करतो. आणि जिथे साधा क्रमांक दिला तिथे खऱ्या ओळखीवर युनिक (तेच दोनदा भरता येणार नाही ही अट) लावायला विसरायचं नाही. आवकेचा वहीतला नंबर दर 1 एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू होत असेल तर आर्थिक वर्ष अधिक नंबर या जोडीवर युनिक हवं, नाहीतर एकच आवक दोनदा भरली गेली तरी डेटाबेस हूं की चूं करणार नाही.

आवक आणि पट्टी एकास एक. इथे टूलला सांगावं लागतं की फॉरेन की कोणाकडे, त्यासाठी रिलेशन प्रॉपर्टीजमधे डॉमिनंट रोल आहे, तिथे आवक निवडा म्हणजे की पट्टीच्या टेबलात जाईल. आवक आधी येते, पट्टी विक्रीनंतर, त्यामुळे हेच बरोबर. नंतर रिलेशनलमधे त्या फॉरेन कीवर युनिक लागलंय का ते डोळ्यानं तपासा.

हमालांच्या टोळीचा मुकादम पण हमालच असतो, तिथे एंटिटीचं स्वतःशीच नातं, पर्यायी ठेवायचं कारण मुकादमाच्या वर कोणी नाही. एवढंच.

शेतकरी आणि व्यापारी, एकच माणूस असला तर

हे प्रत्येक अडतीत निघतं. वरुड-मोर्शी पट्ट्यातला एखादा शेतकरी स्वतःचा माल विकतो आणि शेजाऱ्याची बागही विकत घेतो, कधी मार्केटमधून मालही उचलतो. दोन वेगळ्या टेबलात त्याची दोन नावं झाली तर येणं आणि देणं कधीच समोरासमोर येत नाही. म्हणून पार्टी नावाची वरची एंटिटी काढा, नाव, गाव, फोन तिच्यावर, आणि शेतकरी व व्यापारी या तिच्या सबटाइप (उपप्रकार). एंटिटी प्रॉपर्टीजमधे सुपर टाइप अशी जागा आहे, शेतकरी उघडून तिथे पार्टी निवडायचं. शेतकऱ्याकडे बँक खातं, व्यापाऱ्याकडे परवाना नंबर आणि जीएसटी नंबर.

याचे टेबल तीन प्रकारे होऊ शकतात आणि टूलमधे एंटिटीच्या प्रॉपर्टीजमधे फॉरवर्ड इंजिनिअरिंगची स्ट्रॅटेजी म्हणून तिन्ही आहेत. सिंगल टेबल, म्हणजे सगळे एकाच टेबलात, शेतकऱ्याच्या रांगेत परवान्याचा कॉलम रिकामा. क्वेरी सोपी पण कोणताच खास कॉलम सक्तीचा करता येत नाही, आणि प्रकार सांगणारा कॉलम एकच असतो तर दोन्ही असलेला माणूस कुठे टाकायचा हा प्रश्न तसाच. टेबल पर चाइल्ड, म्हणजे पार्टीचं टेबलच नाही, तिचे कॉलम दोन्हीकडे कॉपी. मग आपल्या माणसाचं नाव पुन्हा दोनदा, आणि फोनच्या टेबलानं फॉरेन की कुणाकडे करायची? तिसरा, टेबल फॉर ईच एंटिटी, तीन टेबल, आणि खालच्या दोघांची प्रायमरी कीच पार्टीकडे फॉरेन की. जॉइन एक वाढतो पण तोच माणूस दोन्ही टेबलात राहू शकतो आणि नाव एकदाच. अडतीसाठी मी डोळे झाकून तिसरा घेतो. सबटाइप खरंच एकमेकांत मिसळत नसतील आणि वेगळे कॉलम दोन-तीनच असतील, तिथे सिंगल टेबल ठीक.

बटण दाबायच्या आधी दोन सेटिंग

डिझाइनच्या प्रॉपर्टीजमधे नेमिंग स्टँडर्ड आणि त्यात टेम्प्लेट्स आहेत. फॉरेन की कॉलमचं नाव टूल मूळ टेबलचं नाव अधिक मूळ कॉलमचं नाव असं जोडून बनवतं, त्यामुळे गाडी टेबलमधे गाडी आयडी असेल तर फेरीत "गाडी गाडी आयडी" असा कॉलम उगवतो. हे आवडत नसेल तर टेम्प्लेटमधे फक्त मूळ कॉलम ठेवा. जिथे एकाच टेबलकडे दोन नाती जातात किंवा स्वतःशीच नातं आहे तिथे मात्र नाव नंतर हातानं द्या, मुकादम आयडी वगैरे.

दुसरं, नावांची लांबी. ओरॅकल 12.2 च्या आधी नावाला 30 बाइटची मर्यादा होती, त्यानंतर 128 झाली. फॉरेन की कन्स्ट्रेंटचं नाव दोन टेबलांची नावं जोडून होतं म्हणून तेच आधी मर्यादेबाहेर जातं. जुन्या सर्व्हरवर टाकणार असाल तर टेबलांची नावं आखूड ठेवा.

मग टूल्समधून डिझाइन रूल्स चालवा. कुठे यूआयडी राहिला, कुठे टाइप राहिला, ते सगळं सांगतं. लाल काही उरलेलं असेपर्यंत पुढे जाऊ नका.

एंजिनिअर टू रिलेशनल मॉडेल

लॉजिकल डायग्राम समोर असताना वर दुहेरी बाणाचं बटण आहे, उजवीकडे तोंड केलेलं. ते दाबलं की एक झाड उघडतं, कोणती एंटिटी कोणत्या टेबलात जाणार ते दाखवतं. नवीन माणूस इथे थेट एंजिनिअर दाबतो. थांबा, झाड उघडून बघा, ज्या गोष्टी नको त्यांची खूण काढा, नावांचं रूपांतर लागू करायची खूण बघा, मग दाबा.

आता रिलेशनल डायग्रामकडे चित्राच्या बाजूनं बघू नका, वही घेऊन बघा. प्रत्येक नात्यावर बोट ठेवून विचारायचं, फॉरेन की बरोबर बाजूला आली का, नॉट नल बरोबर आहे का, युनिक आहे का. डिलीट रूल इथेच ठरतो. हिशेबाच्या टेबलांवर कॅस्केड (बाप उडवला की मुलंही उडतात) लावू नका, कोणी एक पार्टी उडवली आणि तिच्याबरोबर पाच वर्षांच्या पट्ट्या गेल्या तर भरपाई कोण देणार? फोनच्या टेबलला कॅस्केड चालेल. आणि ओरॅकल फॉरेन कीच्या कॉलमवर आपोआप इंडेक्स (पटकन शोधायची सूची) बनवत नाही, ते आपल्याला टाकावे लागतात, ज्यावर नेहमी शोधणार त्यावर तरी टाकाच.

काही बदलायचं निघालं तर शक्यतो लॉजिकलमधे परत जा, तिथे बदला आणि पुन्हा बाण दाबा. या वेळी झाड दोन्ही बाजूंचा फरक दाखवेल. रिलेशनलमधे हातानं केलेले बदल, इंडेक्स वगैरे, त्यावर पाणी फिरत नाहीये ना ते तिथे बघून मगच पुढे. डावीकडे तोंड केलेला उलटा बाण पण आहे, रिलेशनलवरून लॉजिकल करतो. जुनी सिस्टिम समजून घ्यायची असेल तर इम्पोर्टमधून डेटा डिक्शनरी (डेटाबेसमधली त्याच्याच टेबलांची माहिती) घेऊन मग उलटा बाण दाबायचा, फार कामाची गोष्ट आहे ही.

डीडीएल

रिलेशनल डायग्रामवर जनरेट डीडीएल, डेटाबेसची आवृत्ती निवडा, जनरेट. आधी सगळे क्रिएट टेबल येतात, त्यांच्या प्रायमरी की, आणि फॉरेन की शेवटी एकत्र, म्हणजे टेबलांच्या क्रमाची चिंता नाही. फाइलच्या अगदी खाली समरी रिपोर्ट म्हणून कॉमेंट असते, किती टेबल, किती ऑल्टर, आणि शेवटी एरर्स आणि वॉर्निंग्ज किती. आधी तळाशी जा, एरर्स शून्य असेल तरच फाइल सेव्ह करा. ओरॅकलची फुकट आवृत्ती मशीनवर टाकून त्यात ही फाइल चालवता येते.

कॉलेजात किंवा कंपनीत मायएसक्यूएल असेल तर वर्कबेंच वापराल. त्यात कन्सेप्टचा वेगळा कागद नाही, तुम्ही पहिल्यापासून टेबलच काढता, म्हणून कन्सेप्टचं चित्र कागदावर काढावंच लागतं. एम टू एन ओढलं की तिथेही मधलं टेबल लगेच बनतं, नाव दोन टेबलांच्या मधे हॅज लावून येतं, ते लगेच बदला. डेटाबेस मेनूमधे फॉरवर्ड इंजिनिअर आहे. इंजिन (टेबल साठवायची पद्धत) इनोडीबीच ठेवा, मायआयसॅममधे फॉरेन की लिहिली तरी पाळली जात नाही. कॅरेक्टर सेट यूटीएफ-8-एमबी-4. चेक कन्स्ट्रेंट (कॉलममधे काय चालतं याची अट) 8.0.16 पासून खरोखर पाळले जातात, त्याआधी मायएसक्यूएल ते वाचून सोडून द्यायचं, म्हणून आवृत्ती बघा.

डेटाबेस तयार झाला, आता त्याला त्रास द्या

एका सकाळचा खरा कागदी हिशेब मागून घ्या, पार्ट्यांची नावं बदलून. सगळा हातानं इन्सर्ट करा, शेवटी पट्ट्यांची बेरीज वहीशी जुळली पाहिजे, रुपया-पैशासकट. मग मुद्दाम चुकीचं भरा: आवकेशिवाय ढीग, त्याच वर्षात तोच आवक नंबर, वजन उणे, एका आवकेला दोन पट्ट्या, कळमेश्वरचा शेतकरी मराठीत, त्याच व्यापाऱ्याचा त्याच ढिगावर दुसरा सौदा. शेवटचे दोन गेले पाहिजेत आणि बाकीचे अडले पाहिजेत. उणं वजन अडलं नाही तर लॉजिकलमधल्या वजनाच्या डोमेनला कमीत कमी किती चालतं ती मर्यादा द्यायची राहिलीय, ती द्या, उजव्या बाणापासून जनरेट डीडीएलपर्यंतचा रस्ता पुन्हा चाला, आणि नवीन डीडीएल जुन्याच्या बाजूला वेगळ्या नावानं गिटमधे टाका.